कोळंबीतला पांढरे ठिपके रोग ओळखणारी प्रतिपिंडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी, निदान प्रयोगशाळेतले सहकारी आणि तलाव सांभाळणारे संवर्धक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. उदाहरण मुख्यतः पांढरे ठिपके रोगाच्या विषाणूचे, म्हणजे डब्ल्यूएसएसव्हीचे घेतले आहे. भारतात १९९४-९५ पासून टायगर कोळंबीच्या संवर्धनाचे कंबरडे याच विषाणूने मोडले. २००९ मध्ये व्हेनामी या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली, पण तिलाही हा रोग तितक्याच सहज होतो.

माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे तपासतात, तशी कोळंबीच्या रक्तात तपासता येतील का?

नाही. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. त्यामुळे या तलावात पूर्वी रोग येऊन गेला का, हे रक्तातून कळण्याचा मार्ग नाही. आपण करतो ते उलटे: विषाणूचे प्रथिन उंदराला किंवा सशाला टोचून त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार करवतो आणि ती वापरून कोळंबीच्या ऊतीत विषाणू आत्ता आहे का ते पाहतो. म्हणजे शोध प्रतिजनाचा (ज्याला प्रतिपिंड चिकटते त्या विषाणूच्या प्रथिनाचा), प्रतिपिंड हे फक्त हत्यार.

विषाणूत इतकी प्रथिने असताना सगळे व्हीपी२८ या एका प्रथिनाच्याच मागे का?

ते विषाणूच्या बाह्यावरणावर असते, भरपूर प्रमाणात असते, आणि पृष्ठभागावर असल्याने विषाणू न फोडताही प्रतिपिंडाच्या हाती लागते. त्याचे जनुक ६१५ बेस जोड्यांचे, प्रथिन २०४ अमिनो आम्लांचे. हिशेबाने वजन साधारण २२ किलोडाल्टन भरते, पण प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी २८ च्या आसपास दिसते. नाव त्यावरूनच पडले. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात आणि चुकीचे प्रथिन मिळाले असे समजून क्लोन टाकून देतात. व्हीपी२६ आणि व्हीपी१९ वरही प्रतिपिंडे करता येतात, पण सुरुवात व्हीपी२८ पासून करावी.

टोचण्यासाठी प्रतिजन कुठून आणायचा? शुद्ध केलेला विषाणू चांगला की जिवाणूत बनवलेले प्रथिन?

दोन्हींची आपापली दुखणी आहेत, आणि पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते.

कोळंबीच्या पेशींची कायम वाढत राहणारी, सर्वत्र वापरता येईल अशी वाण प्रयोगशाळांच्या हाताशी नाही. म्हणून विषाणू फ्लास्कमध्ये वाढवता येत नाही. जिवंत कोळंबी किंवा गोड्या पाण्यातली क्रेफिश संसर्गित करून तिच्या ऊतीतून तो काढावा लागतो. मरणासन्न प्राण्याचे कल्ले, पोहण्याचे पाय आणि डोक्याच्या कवचाखालचा मऊ भाग घ्यावा. हेपॅटोपँक्रियास, म्हणजे पचनग्रंथी, कटाक्षाने वगळावा, कारण त्यातली पाचक विकरे विषाणूची प्रथिने कुरतडतात. ऊती ट्रिस, मीठ, ईडीटीए आणि १ मिलिमोलर पीएमएसएफ असलेल्या थंड बफरमध्ये वाटाव्यात. पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होते, म्हणून ते वाटण्याच्या क्षणीच घालावे. आधी ३,५०० जी वर फिरवून गाळ काढावा, वरचे द्रव जाळीतून गाळावे, मग ३०,००० जी वर अर्धा तास. तळाशी दोन थर दिसतात: वर सैल गुलाबी, खाली घट्ट राखाडी-पांढरा. गुलाबी थर हलक्या हाताने धुऊन टाकायचा. विषाणू खालच्या थरात असतो. हे दोनतीनदा करावे. तरीही कोळंबीच्या रक्तातले हिमोसायनिन थोडे राहतेच. जेलवर ७५ किलोडाल्टनच्या आसपास जाड पट्टी दिसली तर तो माल उंदराला टोचू नये. उंदीर हिमोसायनिनविरुद्ध जोमाने प्रतिपिंडे करतो आणि मग चाचणी प्रत्येक निरोगी कोळंबीला रोगी ठरवते.

दुसरा मार्ग ई. कोलायमध्ये व्हीपी२८ बनवण्याचा. यात सुरुवातीच्या सुमारे ३० अमिनो आम्लांचा पाण्याला बिचकणारा तुकडा सोडून उरलेला भाग घ्यावा. तो तुकडा ठेवला तर प्रथिन कमी बनते आणि बनलेले गोळ्यांच्या रूपात अडकून बसते. टोकाला सहा हिस्टिडिनचे शेपूट जोडून बीएल२१ डीई३ पेशीत घालावे. ३७ अंशांवर प्रथिन बनवायला चालना देणारे आयपीटीजी १ मिलिमोलर देऊन ४ तासांत भरपूर प्रथिन मिळते, पण बरेचसे न विरघळणारे. १८ ते २० अंशांवर ०.१ ते ०.२ मिलिमोलरने रात्रभर वाढवले तर कमी मिळते, पण विरघळणारा वाटा वाढतो. निकेल स्तंभावर २० मिलिमोलर इमिडॅझोलने धुऊन २५० ने उतरवावे. ८ मोलर युरियात विरघळवावे लागलेच, तर युरिया ८ वरून ४, २ आणि शून्य असा पायरीपायरीने उतरवावा. एकदम काढला की प्रथिन दह्यासारखे साकळते.

हा माल हिमोसायनिनमुक्त असतो, हा मोठा फायदा. तोटा असा की युरियातून आलेल्या प्रथिनावरची काही प्रतिपिंडे खऱ्या विषाणूतले, नीट घडी असलेले प्रथिन ओळखतच नाहीत. शिवाय काही प्रतिपिंडे हिस्टिडिनच्या शेपटाविरुद्ध किंवा ई. कोलायच्या उरल्यासुरल्या प्रथिनांविरुद्ध निघतात. म्हणून रिकॉम्बिनंट प्रथिन टोचावे आणि निवड मात्र खऱ्या विषाणूवर करावी. थोडा शुद्ध विषाणू त्यासाठी राखून ठेवावाच लागतो.

ससा घ्यावा की उंदीर?

प्राथमिक कामाला, वेस्टर्न ब्लॉटला (जेलवरची प्रथिने कागदावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखणे), किंवा जोडीतले एक प्रतिपिंड म्हणून सशाचा पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेला, सीरम स्वस्त पडतो आणि ६ ते ८ आठवड्यांत मिळतो. पण ससा संपला की तो सीरम संपला. पुढच्या सशाचा वेगळा वागतो. सशाचा सीरम निरोगी कोळंबीच्या ऊतीच्या अर्काबरोबर रात्रभर ४ अंशांवर ठेवून, फिरवून, मगच वापरावा, म्हणजे कोळंबीलाच चिकटणारी प्रतिपिंडे निघून जातात. वर्षानुवर्षे एकसारखी चालणारी पट्टी, म्हणजे बांधावरच रेषा दाखवणारी जलद चाचणी, बनवायची असेल तर उंदीर आणि मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून येणाऱ्या, एकसारख्या) प्रतिपिंडांना पर्याय नाही.

दोन्हीसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणावर मिळवण्यासाठी उंदराच्या पोटात पाणी धरवण्याची जुनी पद्धत वेदनादायक आहे आणि संवर्धन फ्लास्कमध्ये काम भागते, तेव्हा ती टाळावी.

हायब्रिडोमा करताना नेमके काय करायचे आणि कुठे बिघडते?

हायब्रिडोमा म्हणजे प्रतिपिंड बनवणारी प्लीहेची पेशी आणि सतत वाढणारी मायलोमा (कर्करोगाची) पेशी यांच्या संयोगातून झालेला संकर. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेली पद्धत आजही तीच आहे. ६ ते ८ आठवड्यांची बाल्ब-सी उंदरीण घ्यावी. पहिली मात्रा ५० मायक्रोग्रॅम, फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात) घोटून. थेंब पाण्यावर टाकला तर पसरता कामा नये. पसरला तर घोटणे अपुरे आहे. १४ आणि २८ व्या दिवशी अपूर्ण अ‍ॅडज्युव्हंटमध्ये २५ ते ५० मायक्रोग्रॅम. मग शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन एलायझा (रंगावरून प्रतिपिंड दाखवणारी चाचणी) करावी. सीरम १०,००० पट सौम्य करूनही स्पष्ट संकेत आला तर पुढे जावे, नाहीतर आणखी एक मात्रा द्यावी. कमकुवत उंदरावर संयोगाचा घाट घालणे म्हणजे महिनाभराची मेहनत वाया घालवणे. शेवटची मात्रा अ‍ॅडज्युव्हंटशिवाय, संयोगाच्या ३ दिवस आधी.

प्लीहेच्या पेशी आणि एसपी२/० मायलोमा पेशी ५ ला १ या प्रमाणात एकत्र फिरवून द्रव पूर्ण काढून टाकावे. ५० टक्के पीईजी १५००, ३७ अंशांचे, १ मिलिलिटर, एका मिनिटात थेंबथेंब सोडावे. नंतर सीरमविरहित माध्यम आधी अगदी सावकाश, मग जरा वेगाने घालावे. पीईजी पेशींना विषारी असते. रेंगाळले की पेशी मरतात आणि घाईने सौम्य केले की संयोग सुटतो. ९६ खळग्यांच्या थाळ्यांत वाटून दुसऱ्या दिवसापासून हॅट माध्यम द्यावे. त्यातल्या अ‍ॅमिनोप्टेरिनमुळे एकट्या मायलोमा पेशी मरतात, प्लीहेच्या पेशी तशाही टिकत नाहीत, आणि फक्त संकर उरतात. ७ ते १० दिवसांत वसाहती दिसू लागतात.

सगळ्याच खळग्यांत सारखीच दाट वाढ दिसली तर आनंद मानू नये. बहुधा मायलोमा पेशींनी हॅटला दाद न देण्याचा गुण परत मिळवलेला असतो. त्यासाठी संयोगाआधी आठवडाभर त्या ८-अझाग्वानिनमध्ये वाढवाव्यात. पेशी हळू वाढतात आणि कारण सापडत नाही, तेव्हा आधी मायकोप्लाझ्मा तपासावा.

चांगला खळगा सापडला की त्याच दिवशी काही पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये गोठवून ठेवाव्यात. प्रतिपिंड न बनवणाऱ्या पेशी जास्त वेगाने वाढतात आणि आठवड्याभरात चांगल्या पेशींना झाकून टाकतात. म्हणूनच दर खळग्याला अर्धी पेशी या हिशेबाने वाटून किमान दोनदा क्लोन करावे.

एलायझात ४० खळगे पॉझिटिव्ह आले. आता काम झाले ना?

काम आता सुरू झाले. या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. चांगले प्रतिपिंड उंदरातून मिळत नाही, निवडीतून मिळते. आणि निवडीचा खरा निकष आहे निरोगी कोळंबी.

प्रत्येक खळग्यातले द्रव एकाच दिवशी पाच गोष्टींवर तपासावे: रिकॉम्बिनंट व्हीपी२८, त्याच शेपटाचे भलतेच प्रथिन, रिकामे ई. कोलाय, पीसीआरने (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीने) खात्री केलेल्या रोगी कोळंबीचा कल्ल्यांचा अर्क, आणि पीसीआरने निरोगी ठरलेल्या कोळंबीचा तसाच अर्क. दुसऱ्या किंवा तिसऱ्यावरही रंग आला तर ते शेपटाचे किंवा जिवाणूचे प्रतिपिंड. पहिल्यावर आला आणि रोगी अर्कावर नाही, तर ते विस्कटलेले प्रथिनच ओळखते. वेस्टर्नला चालेल, पट्टीला नाही. रोगी आणि निरोगी दोन्हींवर आला तर टाकून द्यावे, कितीही गडद असला तरी. निरोगी कोळंबी एकाच ठिकाणची, एकाच वयाची नसावी. टायगर आणि व्हेनामी दोन्ही, कात टाकलेली आणि टाकायच्या बेतातली, शिवाय व्हिब्रिओ जिवाणूने आजारी पण विषाणूमुक्त अशीही हवी. मरतुकड्या ऊतीत जिवाणू माजलेले असतात, आणि ई. कोलायच्या प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड तिथे फसवते.

या चाळणीतून दोनचार क्लोन उरतात. त्यांचे वेस्टर्न ब्लॉटवर २८ किलोडाल्टनला एकच पट्टी देणे चांगले लक्षण. पण पट्टी नाही म्हणून प्रतिपिंड वाईट असे नाही. काही उत्तम प्रतिपिंडे घडी असलेलेच प्रथिन ओळखतात. अशांची खात्री ऊतीच्या छेदावर करावी. डेव्हिडसन द्रावणात २४ ते ४८ तास ठेवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवलेल्या ऊतीत कल्ले, जठराचे अस्तर आणि कवचाखालच्या पेशींची केंद्रके रंगली पाहिजेत. हेपॅटोपँक्रियासच्या नळ्यांच्या पेशी रंगल्या तर शंका घ्यावी, कारण हा विषाणू त्या पेशींत वाढत नाही. तपकिरी रंग देणारे डीएबी वापरत असाल तर कोळंबीच्या जखमेत आपोआप बनणारे मेलॅनिनही तपकिरीच असते हे लक्षात ठेवा; प्राथमिक प्रतिपिंड न घातलेला छेद सोबत नसेल तर निकाल लिहू नये.

शेवटी प्रतिपिंडाचा प्रकार पाहावा. आयजीएम शुद्ध करायला अवघड आणि पट्टीला रंग देणाऱ्या सुवर्णकणांवर गुठळ्या करणारे, म्हणून पट्टीसाठी आयजीजी निवडावे. उंदराचे आयजीजी१ प्रोटीन-ए वर नेहमीच्या बफरमध्ये नीट धरत नाही. ३ मोलर मीठ आणि ८.९ सामू ठेवावा, किंवा सरळ प्रोटीन-जी घ्यावे.

एलायझात उत्तम चालणारी दोन प्रतिपिंडे पट्टीवर एकत्र का चालत नाहीत?

बहुधा दोन्ही एकाच जागी चिकटतात. सुवर्णकणावरच्या प्रतिपिंडाने जागा अडवली की पट्टीच्या चाचणी रेषेवर बसवलेल्या प्रतिपिंडाला पकडायला काही उरत नाही. सर्व जोड्या, दोन्ही दिशांनी, करून पाहाव्यात: अ रेषेवर आणि ब सोन्यावर, मग उलट. विषाणूवर व्हीपी२८ च्या शेकडो प्रती असल्याने अख्खा विषाणू असेल तर एकच प्रतिपिंड दोन्हीकडे चालूनही जाते. पण नमुन्याच्या बफरमधल्या डिटर्जंटने आवरण फुटले की हे गणित बदलते. म्हणून जोडीची निवड ज्या बफरमध्ये चाचणी होणार त्याच बफरमध्ये करावी.

सुवर्णकण निळे-जांभळे होतात. काय चुकते?

कण एकमेकांना चिकटतात. ४० नॅनोमीटरचे कण लालबुंद दिसले पाहिजेत. सामू पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ ते ९ पर्यंत आणावा आणि तो कागदाने मोजावा, कारण इलेक्ट्रोड सोन्याने चोंदतो. प्रतिपिंडाच्या द्रावणातले मीठ आधी डायलिसिसने काढावे. १०० मायक्रोलिटर सोन्यात वाढत्या मात्रेने प्रतिपिंड घालून १० मिनिटांनी १० टक्के मीठ टाकावे. ज्या सर्वांत कमी मात्रेला लाल रंग टिकतो, तीहून थोडी जास्त मात्रा खरी. मग १ टक्का बीएसएने उरलेली जागा झाकावी.

चाचणीच्या रेषेसाठी नायट्रोसेल्युलोजवर प्रतिपिंड मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि नियंत्रण रेषेवर उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारे बकरीचे प्रतिपिंड.

पीसीआर असताना पट्टी कशाला?

पीसीआर कितीतरी जास्त संवेदनशील आहे आणि राहील. पण तिला प्रयोगशाळा लागते, आणि दुपारी कोळंबी बांधाला लागलेली दिसली तर संध्याकाळी पाणी बदलायचे की उघाडी (तलावाचे पाण्याचे दार) बंद करायची हे बांधावर ठरवावे लागते. थायलंडमधल्या श्रीनखरिनविरोट विद्यापीठात आणि आपल्याकडे मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयात मोनोक्लोनल प्रतिपिंडांवरच्या जलद चाचण्या याच गरजेतून उभ्या राहिल्या.

समजा एखादी चाचणी १०० रोग्यांतले ९५ पकडते आणि १०० निरोग्यांतल्या ९५ ना निरोगी म्हणते. बीजाच्या टाकीत २ टक्केच संसर्ग असेल तर १,००० नमुन्यांत २० रोगी, त्यातले १९ सापडतील. पण ९८० निरोग्यांतले ४९ खोटे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ६८ पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त १९. हीच चाचणी मर सुरू झालेल्या तलावातल्या अशक्त कोळंबीवर केली आणि त्यांच्यात ६० टक्के संसर्ग असेल, तर ५९० पॉझिटिव्हमध्ये ५७० खरे. चाचणी तीच, जागा बदलली की किंमत बदलते.

त्यामुळे मातृसाठा आणि बीज पीसीआरनेच तपासावे. २ टक्के संसर्ग ९५ टक्के खात्रीने पकडायला सुमारे १५० बीज लागते, ५ टक्के असेल तर ६०. प्रतिपिंडाची पट्टी लक्षणे दिसणाऱ्या कोळंबीसाठी आहे. बीजाची टाकी पट्टीवर निगेटिव्ह दाखवून विकणे ही आमच्या मते संवर्धकाची फसवणूक आहे.

एका बाबतीत मात्र प्रतिपिंड पीसीआरला पूरक ठरते. आयएचएचएनव्ही या कोळंबीच्या दुसऱ्या एका विषाणूच्या जनुकांचे तुकडे काही कोळंबींच्या स्वतःच्या गुणसूत्रांत बसलेले असतात आणि विषाणू नसतानाही पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे विषाणूचे प्रथिन आहे का, हे पाहणे उपयोगी पडते.

बांधावर नमुना कसा घ्यायचा?

कडेला येऊन सुस्त पोहणारी, खाणे सोडलेली, लालसर झालेली ५ ते ६ कोळंबी निवडा. पांढऱ्या ठिपक्यांची वाट पाहू नका; व्हेनामी बऱ्याचदा ठिपके न दाखवताच मरते. उलट ठिपके जिवाणूंमुळे किंवा पाण्याच्या जास्त अल्कलीपणामुळेही येतात. प्रत्येकीचा कल्ल्याचा छोटा तुकडा किंवा एक पोहण्याचा पाय वेगवेगळ्या नळीत घ्या. डोळे आणि हेपॅटोपँक्रियास नको. संचातल्या सुमारे अर्धा मिलिलिटर बफरमध्ये नीट चुरडा, गाळ बसू द्या, वरचे स्वच्छ द्रव ३ ते ४ थेंब टाका. गढूळ द्रव टाकले तर पट्टी तुंबते. १५ मिनिटांच्या आत वाचा. तासाभराने उमटलेली रेषा धरू नका.

कालपासून उन्हात मेलेली कोळंबी चालत नाही. बर्फातली चालते. स्पिरिटमध्ये ठेवलेली पीसीआरसाठी योग्य, पट्टीसाठी नाही. खर्च वाचवायला २० कोळंबी एकत्र वाटू नका. एक रोगी आणि एकोणीस निरोगी मिसळले की विषाणू पट्टीच्या क्षमतेखाली जातो.

रेषा अगदी फिकट आली तर?

पॉझिटिव्ह समजून उघाडी बंद करा आणि दुसऱ्या कोळंबीवर चाचणी पुन्हा करा. तोच अर्क १० पट सौम्य करूनही तपासा. विषाणू अतोनात असेल तर सोन्यावरची आणि रेषेवरची प्रतिपिंडे वेगवेगळी भरून जातात आणि रेषा उलट फिकी पडते. सौम्य केल्यावर ती गडद होते. नियंत्रण रेषाच आली नाही तर ती पट्टी बाद.

पॉझिटिव्ह आल्यावर काय?

औषध नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. पाणी खाडीत सोडू नका, कारण शेजाऱ्याची भरतीची मोरी त्याच खाडीवर आहे. जाळी, बादल्या, माणसे दुसऱ्या तलावात नेऊ नका. खेकडे आणि पक्षी अडवा. मत्स्य विभागाला कळवा, पीसीआरने खात्री करा. विक्रीयोग्य वजन असेल तर पाणी न सोडता जाळ्याने काढणी करा. हा विषाणू माणसाला बाधत नाही. नंतर पाणी क्लोरीनने निर्जंतुक करून, क्लोरीन उडून गेल्यावरच सोडा.

हीच पट्टी ईएचपी किंवा लवकर होणारी मर ओळखेल का?

नाही. ईएचपी हा सूक्ष्म बुरशीवर्गीय परजीवी, आणि लवकर होणारी मर व्हिब्रिओच्या विषामुळे होते. पिवळे डोके किंवा आयएमएनव्ही हे विषाणू असले तरी त्यांची प्रथिने वेगळी. निगेटिव्ह पट्टीचा अर्थ एवढाच की या कोळंबीत पट्टीला दिसेल इतका डब्ल्यूएसएसव्ही नाही.

पालघर-रायगडच्या पावसाळ्यात पट्ट्या खराब होतात. कशा ठेवाव्यात?

पाकीट नमुना तयार झाल्यावरच फोडा. दमट हवेत उघडी पट्टी थोड्याच वेळात ओल धरते, मग सोने नीट सुटत नाही आणि रेषा पुसट येतात. सिलिका जेलची पुडी रंग बदललेली असेल तर ते पाकीट वापरू नका. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर संच ठेवू नका. फ्रिजमधून काढलेले पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर आत दव धरते.

प्रयोगशाळेतली शुद्ध प्रतिपिंडे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर, छोट्या वाट्यांत विभागून ठेवा; गोठवणे-वितळवणे पुन्हा पुन्हा नको. ०.०२ टक्के सोडियम अझाइड बुरशी रोखते, पण पेरॉक्सिडेज जोडलेल्या प्रतिपिंडात ते कधीही घालू नका. पेरॉक्सिडेज बंद पडते, आणि रोगी नमुनाही कोरा दिसतो.